पेंग शुआई प्रकरण

'पेंग शुआई प्रकरण' म्हणजे चिनी टेनिसपटू पेंग शुआई हिने २ नोव्हेंबर २०२१ रोजी चीनचे माजी उपपंतप्रधान झांग गाओली यांच्यावर लैंगिक संबंधांसाठी बळजबरी केल्याचा जाहीर आरोप केल्यानंतर घडलेला घटनाक्रम होय. वेबो या चिनी समाजमाध्यमावरील तिचा मजकूर सुमारे अर्ध्या तासात काढून टाकण्यात आला. त्यानंतर जवळपास तीन आठवडे ती सार्वजनिक जीवनात दिसली नाही आणि चीनमधील संकेतस्थळांवर तिच्या नावाचा शोध घेणेही अशक्य झाले.

चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरो स्थायी समितीवर राहिलेल्या व्यक्तीवर अशा स्वरूपाचा आरोप उघडपणे होण्याची ही पहिलीच वेळ होती. हे प्रकरण बीजिंग येथील २०२२ हिवाळी ऑलिंपिकच्या तीन महिने आधी घडल्यामुळे त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्व आले. महिला टेनिस संघटनेने (डब्ल्यूटीए) चीनमधील आपल्या सर्व स्पर्धा स्थगित केल्या, तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चिनी अधिकाऱ्यांशी संवाद चालू ठेवण्याचा मार्ग स्वीकारला.

पेंगने पुढे आपल्या लिखाणाचा गैरअर्थ काढला गेला आणि आपण कोणावरही लैंगिक अत्याचाराचा आरोप केला नव्हता, असे सांगितले. ही विधाने तिने दडपणाविना केली काय, याविषयी मतभेद आहेत. झांग गाओली यांनी आरोपांवर जाहीर भाष्य केलेले नाही आणि या आरोपांची चौकशी झाल्याचे चिनी सरकारने जाहीर केलेले नाही.

(चिनी नावांत कुलनाव आधी येते. या लेखात 'पेंग' व 'झांग' ही कुलनावे आहेत.)

## पार्श्वभूमी

### पेंग शुआई

पेंग शुआईचा जन्म ८ जानेवारी १९८६ रोजी हूनान प्रांतातील श्यांगतान येथे झाला. ती वयाच्या आठव्या वर्षी टेनिस खेळू लागली. लहानपणी तिच्या हृदयात दोष आढळल्याने तेराव्या वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर तिने त्यांचिन शहरात प्रशिक्षण घेतले.

दुहेरीत ती जगातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक ठरली. तैवानच्या शिए सु-वेईसोबत तिने २०१३ मध्ये विंबल्डन आणि २०१४ मध्ये फ्रेंच ओपन या स्पर्धांची महिला दुहेरीची अजिंक्यपदे मिळवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोचली. टेनिसमध्ये हे स्थान मिळवणारी ती चीनची पहिलीच खेळाडू होय. एकेरीत तिचे सर्वोच्च स्थान १४ वे (२०११) होते. २०१४ च्या यूएस ओपनमध्ये तिने उपांत्य फेरी गाठली, मात्र कॅरोलिन वोझ्नियाकीविरुद्धचा तो सामना उष्म्याच्या त्रासामुळे तिला अर्धवट सोडावा लागला. २००८, २०१२ आणि २०१६ या तिन्ही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये तिने चीनचे प्रतिनिधित्व केले. २०१७ च्या यूएस ओपनमध्ये ती भारताच्या सानिया मिर्झाची दुहेरीतील जोडीदार होती. या जोडीने उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

२०१७ च्या विंबल्डनच्या वेळी दुहेरीतील जोडीदार बदलण्यासाठी दबाव आणल्याच्या कारणावरून २०१८ मध्ये तिच्यावर सहा महिन्यांच्या बंदीची कारवाई झाली. त्यांपैकी तीन महिन्यांची बंदी स्थगित ठेवण्यात आली. फेब्रुवारी २०२० नंतर ती व्यावसायिक स्पर्धांत खेळली नाही.

### झांग गाओली

झांग गाओली यांचा जन्म १९४६ मध्ये झाला. शांतोंग प्रांतात काम केल्यानंतर २००७ ते २०१२ या काळात ते त्यांचिन शहराचे पक्षसचिव होते. २०१२ मध्ये त्यांची पॉलिटब्युरोच्या सात सदस्यीय स्थायी समितीवर निवड झाली. ही समिती चीनमधील सर्वोच्च सत्ताकेंद्र मानली जाते. २०१३ ते २०१८ या काळात ते उपपंतप्रधान होते. या पदावर असताना बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या तयारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी गटाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते.

### चीनमधील क्रीडाव्यवस्था

चीनमध्ये खेळाडूंची निवड, प्रशिक्षण आणि स्पर्धांतील सहभाग यांवर दीर्घकाळ शासनाचे पूर्ण नियंत्रण राहिले आहे. बालवयात क्रीडाशाळेत दाखल झालेल्या खेळाडूचे शिक्षण, निवास व उत्पन्न याच व्यवस्थेवर अवलंबून असते. टेनिसपटूंनाही आपल्या बक्षीस रकमेचा मोठा हिस्सा राष्ट्रीय संघटनेला द्यावा लागत असे. बीजिंग ऑलिंपिकनंतर, २००८ च्या अखेरीस, ली ना, पेंग शुआई, झेंग जिए आणि यान झी या खेळाडूंना स्वतःचे प्रशिक्षक नेमण्याची व उत्पन्नातील बहुतांश भाग स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली. या सवलतीनंतरही राष्ट्रीय संघातील सहभाग आणि संघटनेशी असलेले बंधन कायम राहिले.

## २ नोव्हेंबर २०२१ चा मजकूर

२ नोव्हेंबर २०२१ रोजी रात्री पेंगच्या वेबोवरील सत्यापित खात्यावर दीड हजारांहून अधिक चिनी अक्षरांचा मजकूर प्रसिद्ध झाला. तो झांग यांना उद्देशून पत्राच्या स्वरूपात लिहिलेला होता. मजकुरानुसार झांग त्यांचिनमध्ये असताना दोघांचा संबंध आला होता. पुढे बीजिंगमध्ये बढती मिळाल्यावर त्यांनी संपर्क तोडला. निवृत्तीनंतर, म्हणजे मजकूर लिहिण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे, त्यांनी तिला टेनिस खेळण्यासाठी बोलावले आणि नंतर पत्नीसह आपल्या घरी नेले. तेथे आपली संमती नसताना, आपण रडत असतानाही शारीरिक संबंधांसाठी दबाव आणण्यात आला, असे तिने लिहिले होते.

यानंतर दोघांमध्ये काही वर्षे संबंध राहिल्याचे, त्यात आपली भावनिक गुंतवणूक असल्याचे आणि त्या काळात अपमान सोसावा लागल्याचेही मजकुरात नमूद होते. आपल्याजवळ ध्वनिमुद्रण किंवा अन्य पुरावा नाही, हे तिने स्वतःच मान्य केले होते. आपले हे कृत्य खडकावर अंडे आपटण्यासारखे किंवा पतंगाने ज्योतीवर झेप घेण्यासारखे ठरले तरी आपण सत्य सांगणार, अशा आशयाची वाक्ये त्यात होती.

आरोपाचे हे मिश्र स्वरूप पुढील वादात महत्त्वाचे ठरले. मजकुरात 'बलात्कार' हा कायद्यातील शब्द वापरलेला नसल्याचे काहींनी निदर्शनास आणले. संमतीविना झालेल्या प्रसंगाचे वर्णन त्यात स्पष्ट आहे आणि त्यापूर्वी वा त्यानंतर संबंध असल्याने ते रद्द होत नाही, अशी बाजू इतरांनी मांडली.

## सेन्सॉरशिप

मजकूर सुमारे अर्ध्या तासात नाहीसा झाला, परंतु तोपर्यंत अनेकांनी त्याची चित्रे जतन करून ठेवली होती. पेंगचे खाते बंद करण्यात आले नाही. मात्र त्यावर नवी टिप्पणी करण्याची सोय काढून घेण्यात आली आणि वेबोवर तिच्या नावाने शोध घेतल्यास काहीही मिळेनासे झाले. काही काळ 'टेनिस' या सर्वसाधारण शब्दाच्या शोधावरही निर्बंध होते. चिनी वृत्तमाध्यमांनी या आरोपाची बातमी दिली नाही.

चीनमध्ये समाजमाध्यमांवरील मजकुराची जबाबदारी ते चालवणाऱ्या कंपन्यांवर असते. त्यामुळे प्रत्येक मजकुरासाठी सरकारी आदेशाची वाट न पाहता कंपन्या शब्दगाळण्या आणि स्वतःचे तपासनीस यांच्या साहाय्याने संवेदनशील लिखाण काढून टाकतात. पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांची नावे अशा शब्दांच्या यादीत नेहमीच असतात. खात्यांना खऱ्या नावाची नोंदणी सक्तीची असल्याने लिहिणाऱ्याचा माग काढणेही सोपे असते.

यातून वाट काढण्यासाठी चिनी वापरकर्त्यांनी आद्याक्षरे, समान उच्चाराचे शब्द आणि आडवळणाचे उल्लेख वापरले. 'पंतप्रधान आणि मी' अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या एका दक्षिण कोरियन मालिकेच्या परीक्षणपानावर लोक या प्रकरणाविषयी सूचक लिहू लागले. काही वेळातच त्या पानावरही निर्बंध आले. चीनमधील काही हॉटेले व निवासी संकुलांत दिसणाऱ्या सीएनएन या वाहिनीवर पेंगविषयीची बातमी सुरू होताच प्रक्षेपण खंडित होत असे.

चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते झाओ लिजियान यांनी हा राजनैतिक प्रश्न नसल्याचे सांगितले आणि पुढे काही लोकांनी या विषयाचा हेतुपुरस्सर गाजावाजा थांबवावा, असे म्हटले. पत्रकार परिषदांतील या विषयावरची प्रश्नोत्तरे मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील इतिवृत्तातून वगळण्यात आली.

## सरकारी माध्यमांनी प्रसिद्ध केलेली सामग्री

१४ नोव्हेंबर रोजी महिला टेनिस संघटनेचे प्रमुख स्टीव्ह सायमन यांनी आरोपांची पारदर्शक चौकशी व सेन्सॉरशिप थांबवण्याची मागणी केली. त्यानंतर 'पेंग शुआई कुठे आहे?' ही मोहीम जगभर पसरली. नाओमी ओसाका, सेरेना विल्यम्स, नोव्हाक जोकोविच, मार्टिना नवरातिलोवा, ख्रिस एव्हर्ट आणि बिली जीन किंग यांनी तिच्याविषयी काळजी व्यक्त केली.

१७ नोव्हेंबर रोजी सीजीटीएन या सरकारी वाहिनीने पेंगने सायमन यांना पाठवल्याचे सांगितलेले एक ईपत्र ट्विटरवर प्रसिद्ध केले. लैंगिक अत्याचाराचा आरोप खरा नाही आणि आपण घरी विश्रांती घेत आहोत, असे त्यात म्हटले होते. ईपत्राच्या चित्रात टंकलेखनाचा सूचक दिसत होता, यावरून त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेण्यात आली. ते पेंगने स्वतः लिहिले यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असे सायमन यांनी कळवले.

१९ नोव्हेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने पेंगचा ठावठिकाणा व कुशल यांविषयी पुरावा देण्याचे आवाहन केले. त्याच दिवशी सरकारी माध्यमातील एका पत्रकाराने तिची मांजरासोबतची छायाचित्रे प्रसारित केली. पुढच्या दिवशी 'ग्लोबल टाइम्स'चे तत्कालीन संपादक हू शिजिन यांनी तिच्या उपाहारगृहातील चित्रफिती प्रसृत केल्या. त्यांपैकी एकीत मेजावरील मंडळी त्या दिवसाच्या तारखेविषयी मुद्दाम बोलत असल्याचे अनेकांच्या लक्षात आले. २१ नोव्हेंबरला बीजिंगमधील मुलांच्या एका टेनिस स्पर्धेत ती उपस्थित होती.

ही सर्व सामग्री ट्विटरवर इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ट्विटर चीनमध्ये बंद असल्याने ती परदेशी वाचकांसाठी होती, असे निरीक्षकांनी नोंदवले. चीनमधील सामान्य वाचकांपर्यंत आरोप पोचला नव्हता आणि त्याचे खंडनही पोचले नाही.

## महिला टेनिस संघटनेची भूमिका

१ डिसेंबर २०२१ रोजी महिला टेनिस संघटनेने हाँगकाँगसह चीनमधील आपल्या सर्व स्पर्धा स्थगित केल्याचे जाहीर केले. पेंगशी दडपणाविना थेट बोलता यावे आणि आरोपांची निष्पक्ष चौकशी व्हावी, अशा तिच्या दोन मागण्या होत्या.

चीन ही संघटनेची सर्वांत महत्त्वाची बाजारपेठ असल्याने हा निर्णय लक्षणीय ठरला. २०१९ मध्ये चीनमध्ये तिच्या नऊ स्पर्धा झाल्या होत्या. हंगामाच्या अखेरची स्पर्धा २०१९ पासून दहा वर्षे शेंचेन येथे भरवण्याचा करार झालेला होता आणि २०१९ च्या त्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १ कोटी ४० लाख अमेरिकन डॉलर होती. मात्र कोविड-१९ च्या निर्बंधांमुळे २०२० पासूनच चीनमध्ये या स्पर्धा होत नव्हत्या. त्यामुळे २०२२ च्या अखेरपर्यंत निर्णयाची प्रत्यक्ष आर्थिक कसोटी लागली नाही, असेही मत व्यक्त झाले.

पुरुष टेनिसपटूंची संघटना (एटीपी) आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी चिंता व्यक्त केली, परंतु आपल्या स्पर्धा स्थगित केल्या नाहीत. तळागाळातील खेळाडूंना शिक्षा करायची नाही, असे कारण महासंघाने दिले.

## आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची भूमिका

२१ नोव्हेंबर २०२१ रोजी समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी पेंगशी सुमारे अर्धा तास दृक्‌श्राव्य संभाषण केले. खेळाडू आयोगाच्या अध्यक्षा एमा तेर्हो आणि समितीच्या चिनी सदस्या ली लिंगवेई याही त्यात सहभागी होत्या. पेंग बीजिंगमधील घरी सुरक्षित असून तिला खाजगीपणा हवा आहे, असे समितीने कळवले. संभाषणाचे चित्रण प्रसिद्ध केले नाही, केवळ एक स्थिरचित्र देण्यात आले. निवेदनात आरोपाचा किंवा झांग यांचा उल्लेख नव्हता.

समितीने आपल्या पद्धतीला 'शांत मुत्सद्देगिरी' असे नाव दिले. खेळाडूच्या सुरक्षिततेसाठी जाहीर टीकेपेक्षा हा मार्ग उपयुक्त आहे, असे तिचे म्हणणे होते. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने मात्र समितीने चिनी सरकारच्या प्रचाराला हातभार लावल्याची टीका केली. ८ डिसेंबर रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने समितीच्या हाताळणीचा निषेध करणारा ठराव ४२८ विरुद्ध ० मतांनी संमत केला.

## पेंगची नंतरची विधाने

१९ डिसेंबर २०२१ रोजी शांघायमधील एका क्रीडा कार्यक्रमात पेंगने सिंगापूरच्या 'लियानहे झाओबाओ' या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला, कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे आपण कधीही बोललो वा लिहिलेले नाही, असे सांगितले. वेबोवरील मजकूर ही खाजगी बाब होती आणि त्याविषयी गैरसमज झाला, असेही ती म्हणाली.

हिवाळी ऑलिंपिकदरम्यान, ५ फेब्रुवारी २०२२ रोजी तिने बाख यांच्यासोबत भोजन घेतले. ७ फेब्रुवारी रोजी 'ल'एकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकात तिची मुलाखत प्रसिद्ध झाली. मजकूर आपणच काढून टाकला, कारण आपल्याला तसे करायचे होते, असे तिने त्यात सांगितले आणि निवृत्तीचे संकेत दिले. ही मुलाखत चिनी ऑलिंपिक समितीमार्फत ठरली होती. प्रश्न आधी पाठवण्याची अट होती आणि समितीचे अधिकारी वांग कान यांनी भाषांतर केले. या परिस्थितीची माहिती दैनिकाने वाचकांना दिली. मुलाखतीने आपल्या चिंता दूर होत नाहीत, असे सायमन यांनी स्पष्ट केले.

जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या आयोजकांनी पेंगविषयीचा फलक व सदरे प्रेक्षकांकडून काढून घेतल्याने वाद झाला. राजकीय घोषणांना मनाई असल्याचे कारण आधी देण्यात आले, पण टीकेनंतर सदरे घालण्यास परवानगी मिळाली.

## स्पर्धांचे पुनरागमन

१३ एप्रिल २०२३ रोजी महिला टेनिस संघटनेने सप्टेंबर २०२३ पासून चीनमध्ये परतण्याचा निर्णय जाहीर केला. सोळा महिन्यांत परिस्थिती बदलली नाही, उद्दिष्टे पूर्णपणे साध्य होण्याची शक्यता दिसत नाही आणि स्थगितीची किंमत खेळाडू व स्पर्धांना मोजावी लागत आहे, अशी कारणे तिने दिली. पेंग कुटुंबीयांसह बीजिंगमध्ये सुरक्षित असल्याचे तिच्या निकटवर्तीयांकडून समजल्याचेही संघटनेने सांगितले. दोन्ही मागण्या मात्र पूर्ण झाल्या नव्हत्या.

त्यापूर्वी ऑक्टोबर २०२२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या महाअधिवेशनात झांग गाओली व्यासपीठावर उपस्थित होते. आरोपानंतरचे त्यांचे हे ठळक सार्वजनिक दर्शन होते.

## चीनमधील 'मी टू' चळवळ

चीनमध्ये 'मी टू' चळवळ २०१८ मध्ये विद्यापीठांतून सुरू झाली. दूरचित्रवाणी निवेदक झू जुन यांच्याविरुद्ध झोउ श्याओश्वान हिने केलेला दावा पुरेशा पुराव्याअभावी सप्टेंबर २०२१ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने फेटाळला. झू यांनी आरोप नाकारले होते. चळवळीविषयी लिहिणाऱ्या पत्रकार हुआंग श्वेचिन यांना त्याच महिन्यात ताब्यात घेण्यात आले आणि जून २०२४ मध्ये राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली.

कायद्याच्या पातळीवर १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेत लैंगिक छळाविरुद्ध तरतूद आहे. महिला हक्क संरक्षण कायद्यातील सुधारणा १ जानेवारी २०२३ पासून अमलात आल्या. तक्रार सत्ताधारी व्यक्तीविरुद्ध असल्यास या तरतुदींचा उपयोग कितपत होतो, हा प्रश्न पेंग प्रकरणाने पुढे आणला.

## भारतातील संदर्भ

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांनी बीजिंग हिवाळी ऑलिंपिकवर टाकलेला राजनैतिक बहिष्कार मुख्यतः शिंच्यांगमधील मानवाधिकारांच्या प्रश्नावर होता. भारतानेही ३ फेब्रुवारी २०२२ रोजी असा बहिष्कार जाहीर केला, पण त्याचे कारण निराळे होते. गलवान खोऱ्यातील संघर्षात सहभागी असलेल्या चिनी लष्करी अधिकाऱ्याला मशालवाहक करण्यात आल्याचा तो निषेध होता.

खेळाडूंनी सत्तास्थानावरील व्यक्तीवर केलेल्या आरोपांच्या संदर्भात भारतातील २०२३ च्या कुस्तीपटू आंदोलनाचाही उल्लेख केला जातो. विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांनी जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीतील जंतरमंतर येथे भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध आंदोलन सुरू केले. सिंह यांनी आरोप नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या आंदोलकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. जूनमध्ये आरोपपत्र दाखल झाले आणि मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन खेळाडूच्या तक्रारीवरील स्वतंत्र प्रकरण मे २०२५ मध्ये बंद करण्यात आले.

दोन्ही प्रकरणांत तक्रारदार नामांकित खेळाडू होत्या आणि आरोप प्रभावी व्यक्तीवर होते. फरक पुढील प्रक्रियेत दिसतो. भारतात तक्रार नोंदवण्यास विलंब झाला व आंदोलकांना बळाचा सामना करावा लागला, तरी आरोप वृत्तपत्रांत छापले गेले, त्यांवर जाहीर वाद झाला आणि दोन्ही बाजू न्यायालयासमोर आल्या. चीनमध्ये आरोपाचा मजकूरच सार्वजनिक चर्चेतून काढून टाकला गेला. त्यामुळे पेंगची बाजू आणि झांग यांची बाजू यांपैकी कोणतीही न्यायिक प्रक्रियेत तपासली गेली नाही.

## हे सुद्धा पहा

* २०२२ हिवाळी ऑलिंपिक
* चीनमधील आंतरजाल सेन्सॉरशिप
* मी टू चळवळ
* ली ना
* २०२३ भारतीय कुस्तीपटूंचे आंदोलन